आमच्या वळणावरचा मोर्दोम

“जरा धरा हां,” असं म्हणून ते समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवायचे आणि निघून जायचे. काय ठेवतील त्याचा नेम नसे. शिडीचं टोक, नळाचा पान्हा, चिकाने माखलेला अर्धा फणस, एकदा तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी. ‘जरा’ म्हणजे किती वेळ, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. माणूस बिचारा वळणावर उभा. पोस्टमनला मी तसं उभं राहिलेलं पाहिलंय, आणि एका हवालदाराला खिडकीची काच छातीशी धरून घाम पुसताही न येता ताटकळलेलं पाहिलंय.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. याला आज नाही म्हणायचं असं ठरवून आपण घराबाहेर पडतो आणि तरी हात पुढे जातो. का जातो, ते मला अजून उमगलेलं नाही. या माणसाबद्दल मला न उमगलेल्या गोष्टी तशा पुष्कळ आहेत. तेव्हा मी सगळं नीट उलगडून सांगीन अशी आशा धरू नका.

आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. मिरजोळ्याला एका बर्फाच्या कारखान्यात ते मशीन सांभाळत. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, ख्रिस्ती. तरुणपणी रत्नागिरीत आले आणि इथलेच झाले, बोलणं तेवढं मालवणी राहिलं. आमच्या रस्त्याच्या वळणावर त्यांचं घर, आणि घरासमोर चिऱ्याच्या चौथऱ्यावर एक क्रूस. ते त्याला खुरीस म्हणत, म्हणून आम्ही सगळेच खुरीस म्हणतो. त्याच्या बरोबर समोर माझी पिठाची गिरण. नवरा बोटीवर, सासूबाई घरात, मी गिरणीत. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर कोण, तर मिस्त्री. स्वतःच्या नवऱ्याला पाहिलं नसेल इतकं मी त्यांना पाहिलंय.

मोर्दोम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लग्न होऊन आले त्या वर्षी. मे महिना, घरोघर आंब्याच्या पेट्या भरायची घाई. आणि या घाईत समोर मिस्त्री खुरसाला चुना लावतायत, अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, बांधतायत. पांढरा शर्ट घालून ते दारात आले. “आज सांजेक लादीन आसा. येवचा हां,” म्हणाले आणि गेले. लादीन म्हणजे खुरसासमोर उभं राहून गात म्हणायची प्रार्थना. एकजण म्हणतो, बाकीचे मागून सूर धरतात, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप घातलेले.

“आपण जायचं?” मी सासूबाईंना विचारलं.

“न जाऊन कसं चालेल? मोर्दोम स्वतः सांगून गेलाय.”

“मोर्दोम म्हणजे?”

“म्हणजे मिस्त्री,” सासूबाई म्हणाल्या आणि पेटीत गवत भरायला लागल्या.

झालं. कित्येक महिने मला ते मिस्त्रींचं आडनाव वाटत होतं. मग एकदा ते गहू घेऊन आले तेव्हा मी सरळच विचारलं. म्हणाले, “मोर्दोम म्हणजे चणे ज्याच्या घरचे तो.” बरं, म्हटलं, सोपं आहे. दुसऱ्या वर्षी कुणीतरी तेच विचारलं तर म्हणाले, “मोर्दोम म्हणजे सगळ्यांच्या आधी येणारो आणि सगळ्यांच्या मागसून घराक जाणारो.” पुढे एकदा ऐन लादिनीत वळवाची सर आली, चण्यांच्या टोपात पाणी गेलं, तेव्हा भिजलेल्या शर्टात उभं राहून म्हणाले, “पाऊस इलो तर ज्याका गाळी बसतत, तो मोर्दोम.”

“अहो, कायतरी एक ठरवा,” मी म्हटलं.

“काय सांगू वैनी. माझ्या बापाशीक विचारलंय, तेणी सांगल्यान, मोठो झालंस की कळात. मी अजून वाट बघतंय.”

वापरायचे मात्र हा शब्द कुठेही. माझा नवरा सहा महिन्यांनी बोटीवरून उतरून बॅगा घेऊन आला की हे समोरून ओरडणार, “इलो मोर्दोम!” गिरणीचा पट्टा तुटला आणि मी नेमकी बाजारात गेलेली असले तर डबे घेऊन ताटकळलेल्या बायकांना सांगणार, “आज गिरणीक मोर्दोम नाय.” कुंपणावर सगळ्यात आधी येऊन बाकीच्यांना बोलावणारा कावळा, तोही मोर्दोम. लग्नात वाढप्यांवर ओरडणारा मामा, तोही. हळूहळू सगळ्या वळणाला त्या शब्दाची लागण झाली. आमच्या थांब्यावरचे रिक्षावाले एकमेकांना विचारायला लागले, “आज चहाचा मोर्दोम कोण रे?” मला वाटतं, जितका तो शब्द वापरला गेला तितका त्याचा अर्थ जास्तच गढूळ झाला. पण प्रत्येकाला वापरायचा कुठे ते बरोबर कळायचं. असं कसं असतं, देव जाणे.

एक गोष्ट मात्र ठाम होती, आणि तिच्यात मिस्त्रींचा विनोद कधी शिरला नाही. लादीन संपली की मोर्दोम हातातली पेटती मेणबत्ती पुढच्या वर्षीच्या मोर्दोमच्या हातात देतो. “घेतलंस?” म्हणून विचारतो. तो “घेतलंय” म्हणतो. जमलेल्यांनी ऐकलं की संपलं, सही नको की शिक्का नको. ज्याने घेतली त्याचा वर्षभर खुरीस. चुना त्याने लावायचा, झाडलोट त्याने करायची, बुधवारचा दिवा त्याने लावायचा, पुढच्या मे महिन्यातली लादीन त्याची.

पूर्वी या वळणाच्या आजूबाजूला ख्रिस्ती घरं बरीच होती म्हणे, आणि मेणबत्ती घराघरातून फिरायची. मग कुणी मुंबईला गेलं, कुणी आखातात, कुणी मुलांकडे गोव्याला. घरं विकली गेली. मी आले तोवर वळणावर मिस्त्री आणि त्यांची बायको, एवढेच उरले होते. पुढे ती बाईही गेली. चर्चच्या बाजूची माणसं लादिनीला येत, मनापासून गात, पण त्यांना त्यांचे व्याप. वर्षभराचं कुणी अंगावर घेईना.

मग मिस्त्री काय करत? उजव्या हातातली मेणबत्ती डाव्या हातात घेत. “घेतलंस?” स्वतःच विचारत. “घेतलंय,” स्वतःच सांगत. मुलं खिदळायची. मलाही पहिल्यांदा हसू फुटलं, मी तोंडाला पदर लावला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ते दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या आवाजात म्हणत होते. विचारणारा आवाज मोठा होता आणि उत्तर देणारा बारीक. त्यानंतर मी कधी हसले नाही.

“आणि कुणीच मोर्दोम नसला तर काय होतं?” एकदा मी विचारलं होतं.

“तर खुरीस बेवारशी. मग तो नुसतो दगड. उद्या रस्तो रुंद करूक माणसां येतली, विचारतली, ह्यो कोणाचो? कोण म्हणतलो, माझो?”

त्यांची सगळी काळजी एवढीच होती. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला काहीतरी निमित्त लागतं काळजीला. आमच्या सासूबाईंना विहिरीच्या रहाटाची असते.

मग एका वर्षी चुना लावताना मिस्त्री चौथऱ्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्हीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वसईहून त्यांची मुलगी आली. ती तिकडे एका ऑफिसात नोकरीला, एकटी राहणारी, शांत. रजा काढून तिने सगळं केलं. डॉक्टरांनी सांगितलं की आता यांना एकटं ठेवू नका. तिची रजा संपत आलेली. ती म्हणाली, पप्पा, माझ्याकडे चला. मिस्त्री म्हणाले, नाही.

“का पण?”

“मोर्दोम कोणाक करू?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला बाजूला घेऊन हळूच विचारते, “आंटी, हे मोर्दोम म्हणजे नक्की काय असतं हो?”

“अगं बाई! तू मुलगी ना त्यांची?”

“मी शाळेत असतानाच आत्याकडे वसईला गेले. सुट्टीत यायचे तेव्हा चणे खाल्लेले आठवतात. तुम्ही समजवा ना त्यांना.”

मी काय समजावणार, कर्म माझं! तरी गेले. रागच आला होता. म्हटलं, “मिस्त्री, पोरीची नोकरी जायची वेळ आलीय. खुरसाला काय पाय आहेत, पळून जायला?”

“पाय नाय म्हणानच,” ते म्हणाले. “तेका सोडून मी जावचा, ह्या बरोबर नाय. तुमीच सांगा, तुमची गिरण चालू ठेवन तुमी उठून जाशात?”

मुलगी दाराआड उभी राहून रडत होती. ते त्यांनाही दिसत होतं, तरी ते हलत नव्हते. शेवटी म्हणाले, “मे म्हयनो जाव दे. मग बघूया.” तिने रजा वाढवून घेतली, कशी ते तिचं तिला ठाऊक.

त्या मे महिन्यातली लादीन. चुना रिक्षावाल्यांनी लावला, चणे मुलीने उकडले, ते थोडे कच्चे राहिले. मिस्त्री खुर्चीवर, एका हातात काठी, एका हातात मेणबत्ती. मी त्यांच्या शेजारी. माझी खुर्ची तिथे त्यांनीच ठेवायला लावली होती, हे आधी सांगून ठेवते. चर्चमधून येणाऱ्या बाईंनी लादीन म्हटली, आम्ही सगळ्यांनी मागून सूर धरला. खाडीकडून वारा येत होता, ज्योत आडवी होत होती. प्रार्थना संपली. मिस्त्री उठायला गेले आणि काठी चौथऱ्याच्या फरशीवरून सरकली. ती खरोखर सरकली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

“वैनी, जरा धरा हां.”

मी धरली. इतक्या वर्षांची सवय!

“घेतलात?”

“घेतली हो! तुम्ही आधी ती काठी धरा नीट.”

गाणाऱ्या बाईंनी कपाळ, छाती, खांदे अशी खुरसाची खूण केली. मागून एक रिक्षावाला ओरडला, “वैनी मोर्दोम झाल्या!” आणि टाळ्या. मी बघतेय हातातल्या मेणबत्तीकडे.

“अहो मिस्त्री, ही परत घ्या.”

ते तोवर परत खुर्चीत बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. “परत कशी घेव? सगळ्यांनी आयकल्यानी.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. विझवावी तर अपशकुन होईल, ठेवावी तर कुठे? शेवटी चौथऱ्याच्या कोपऱ्यात मेण पाडून मी ती उभी केली आणि ती संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. त्यांनी हे मुद्दाम केलं की चुकून झालं, यावर मी तेव्हापासून विचार करतेय. काठी सरकली हे खरं. माझी खुर्ची तिथे ठेवली होती हेही खरं. तुम्हीच ठरवा, मला काही ठरवता आलेलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, आता मला बोलणी बसणार. त्या वाटीतले चणे चावत म्हणाल्या, “शिमग्याला पालखीचा मान ज्या घराकडे आहे, त्यांनी कधी नको म्हटलंय का? मान मागून मिळत नाही नि टाकून जात नाही.”

“पण आई, तो काय आपला देव आहे का?”

“समोर राहतो ना? मग शेजारी झाला. आणि हे चणे कच्चे आहेत गो. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी भिजत घाल.”

नवऱ्याला फोन लागला तेव्हा तो कुठल्याशा बंदरात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. “अगं, पण आपल्याला चालतं का हे?” म्हणाला. मी म्हटलं, तेच मी विचारतेय. तो म्हणाला, “मला वाटलं तू सांगतेयस.” बोटीवरून असला सल्ला मिळतो.

शेवटी चर्चमध्ये जाऊन फादरना भेटले. तरुण माणूस, नगरकडचा, घाटावरचं मराठी बोलणारा. माझं म्हणणं त्यांनी गंभीरपणे ऐकलं. म्हणाले, “चर्चच्या नियमात मोर्दोम असा हुद्दा मला तरी माहीत नाही. पोर्तुगीजांच्या काळातला शब्द आहे. घरचा कारभार बघणारा, असा काहीतरी अर्थ. सणाचा यजमान म्हणा. आमच्या नगरकडं नाही वापरत.”

“मग मी आहे की नाही मोर्दोम?”

“प्रार्थना आमची माणसं म्हणतील, त्याची काळजी नको. चुना कुणी लावायचा याला धर्माची आडकाठी नाही. तुम्ही हो म्हणालात तर आम्हाला आनंदच आहे. नाही म्हणालात तरी पाप नाही.”

पाप असतं तर फार बरं झालं असतं, असं मला चर्चच्या पायऱ्या उतरताना वाटलं. निदान एका बाजूला निकाल लागला असता.

तडक मिस्त्रींकडे गेले. ते पलंगावर पडून छताकडे बघत होते. म्हटलं, “मिस्त्री, मी हिंदू बाई. तुमच्या प्रार्थनेतला एक शब्द मला कळत नाही.”

“माका तरी खंय कळता? ती लॅटिन.”

“मग मी नेमकं करायचं काय?”

“काय करूचा नाय. थंय आसलात म्हणजे झाला.”

“आणि मला नाही जमलं तर?”

ते माझ्याकडे वळले. “वैनी, माका तरी खंय जमला? जमणारो कोण गावलो नाय म्हणान मी होतंय.”

मला रागाने रडूच आलं. एवढ्या वर्षांत या माणसाने मला एकदाही सरळ उत्तर दिलं नव्हतं आणि हे सरळ होतं की नाही तेही कळत नव्हतं. मी डोळे पुसून म्हटलं, “पोरीला सांगा, गाडी ठरव म्हणून.” त्यांनी मान हलवली. घेतलं, असं मी परत म्हटलं नाही. पण त्यांना ते पोचलं असावं, कारण त्याच संध्याकाळी त्यांनी बॅग भरायला घेतली.

जायच्या दिवशी सगळं वळण जमलं. मला वाटलं, आता हे खुरसासमोर उभे राहतील, डोळ्यांत पाणी येईल, मला काही सांगतील. छे! पुढची सीट पाहिजे म्हणून मुलीशी भांडले. एसी नको म्हणाले. ड्रायव्हरला विचारलं, चिपळूणला चहा चांगला खंय मिळता? खुरसाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाडी वळणावरून गेली आणि माझा पारा चढला. एवढं सगळं माझ्या गळ्यात मारून हा माणूस चहाची चौकशी करतो! सासूबाई म्हणाल्या, “अगं, ओझं उतरल्यावर माणूस असाच करतो.” असेल. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग सुरू झाला माझा बुधवारचा दिवा. चपला काढायच्या की नाही इथपासून गोंधळ. मी काढल्या. एका बुधवारी दिवा लावता लावता हात सवयीने गेला आणि मी खुरसाला हळदकुंकू लावून मोकळी झाले. लक्षात आल्यावर पुसायला गेले, तर ताज्या चुन्यावर ते आणखीच पसरलं. गुलाबी खुरीस! तिथूनच वसईला फोन लावला, जीव अर्धा झालेला. मिस्त्री खोकला येईपर्यंत हसले. “आसान दे, आसान दे,” म्हणाले. “तेका पण बरा वाटला आसात. कोण लायता तेका कुंकू?” तो डाग पावसाने गेला. मला वाईटच वाटलं जरा.

दिवाळीपर्यंत त्यांचे फोन येत होते. मग मुलगीच करायला लागली. पप्पांना आता नीट आठवत नाही, म्हणाली. ऑफिसातून आल्यावर तिलाच विचारतात, तुमी कोणाकडे इलात? वेंगुर्ल्याचं बोलतात, बर्फाच्या कारखान्याचं बोलतात. “पण आंटी, एक गोष्ट रोज विचारतात. अंधार पडायला लागला की उठून बसतात आणि म्हणतात, खुरसाकडे कोण आसा? मी सांगते, गिरणीच्या आंटी आहेत. मग म्हणतात, मोर्दोम ती? मी हो म्हणते. मग आडवे होतात.”

“बरं करतेस.”

“हो, पण मी रोज हो म्हणते आणि मला अजून कळलेलं नाही मी कशाला हो म्हणते. तुम्हाला आता कळलं असेल ना?”

गिरण चालू होती, मी ती बंद केली. काय सांगायचं पोरीला? चणे, पाऊस, कावळा, पोर्तुगीज, पालखी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. म्हटलं, “हे बघ, कुणी विचारलं ना, हा इथे कोणाचा, की जी म्हणते माझा, ती.”

“एवढंच?”

“मला तरी एवढंच दिसतंय. चूक असलं तर माफ कर.”

ती हसली. मग म्हणाली, “मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.” फोन ठेवल्यावर मला वाटलं, मलाही तसंच वाटलं होतं की.

आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या तेव्हा तिचा फोन आला. पप्पा गेले. झोपेतच. मी गिरणीच्या कट्ट्यावर बसले. ती तिकडे रडत नव्हती, नुसतं बोलत होती, दवाखान्याचं, नातेवाइकांचं. मग म्हणाली, “आंटी, शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारणंच बंद केलं. अंधार पडायचा, मी वाट बघायची की आता उठतील, विचारतील. पण पडून राहायचे. मीच एकदा सांगितलं, पप्पा, आंटी आहेत खुरसाकडे. तर नुसते बघत राहिले. विसरले का हो ते?”

“नाही गं. खात्री झाली त्यांची. खात्री झाल्यावर कशाला विचारतील?”

असं मी तिला सांगितलं, आणि तिला बरं वाटलं. मला नाही वाटलं. खात्री झाली असेल तर मी जिंकले, विसरले असतील तर मी कुणासाठी दिवा लावत होते? आणि विसरले असले तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल की हरवल्यासारखं? मी खूप रडले, पण कुठल्या गोष्टीसाठी रडत होते ते मला सांगता येणार नाही. त्यांची आठवण येते, एवढं मात्र नक्की. गहू दळायला टाकला की येते.

या वर्षी लादीन करावी की नको, असं मनात आलं होतं. आमच्याकडे माणूस गेल्यावर सण करत नाहीत. पण ते आमच्याकडचे होते का, आणि हा सण आहे का, या वाटेने गेले असते तर मी परत आलेच नसते. चणे आदल्या दिवशी भिजत घातले. चुना स्वतः लावला. संध्याकाळी माणसं जमली, नेहमीपेक्षा जास्तच. रिक्षावाल्यांनी रिक्षा लांब लावून वळण मोकळं केलं. मुलगी वसईहून आली होती, बायकांमध्ये मागे उभी होती. सासूबाईंना खुर्ची दिली होती. पणत्या लागल्या, मी मेणबत्ती पेटवली, वारा पडलेला होता.

चर्चमधून येणाऱ्या बाई पुढे आल्या, घसा साफ केला आणि विचारलं, “सुरू करू ना, मोर्दोम?”

मी मागे वळून पाहिलं. मिस्त्रींच्या दाराकडे. दाराला कुलूप होतं.

“अहो, तुम्हालाच विचारतेय,” बाई म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं. “मलाच. करा सुरू.”